दिवेलागणीचा नमस्कार

आमच्या घरात एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती कुणी लावत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांच्या खोक्याशेजारी ती पडून असते. तिच्यात माझी लेक मुक्ता आहे, वर्षाचीही झालेली नाही. देवासमोर आजीच्या मांडीवर बसलीय आणि पुन्हा पुन्हा मान लववून, दोन्ही हात पुढे आणून नमस्कार करतेय. मागून टाळ्या ऐकू येतात. त्यांतली सगळ्यांत जोरकस टाळी माझी.

मुक्ता नमस्कार करत नव्हती. तिला झटके येत होते.

घ्या, लिहून टाकलं. हे वाक्य मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही इतकं सरळ सांगितलेलं नाही. तिला म्हटलं, "मेंदूचा जरा त्रास होता." लाजेपायी माणूस किती मऊमऊ शब्द शोधतो! पण आज कुठल्यातरी घरात असंच कौतुक चाललं असेल, तर तिथल्या आईच्या हाती हे पडावं. डॉक्टरी मला कळत नाही, ती मी सांगणार नाही. लाज मात्र मला पुरती कळते.

भजनाचं घर

मी मिरजेची. लग्न होऊन तंजावरला आले. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. घरात मराठी बोलतात, पण पहिले काही महिने मी ती ऐकून नुसती मान डोलवायची. 'करितें, जातें, येतें' असं पोथीतल्यासारखं बोलणं, आणि हेल सगळा तमिळ. सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. त्या मला एकदा म्हणाल्या, "सुनंदा, तूं बोलतेस कीं भांडतेस, मज कळतच नाहीं गे." आता आम्ही मिरजेकडचे लोक प्रेमानंही भांडल्यासारखंच बोलतो, त्याला मी काय करू!

मामंजी शाळेतून निवृत्त झालेले. दिवेलागणीला ते टाळ घेऊन बसत आणि अभंग म्हणत. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या वडिलांनी तमिळ अक्षरांत उतरवून ठेवलेले मराठी अभंग ते म्हणत. गळा असा, की रस्त्यानं जाणारा सायकलवरून उतरायचा. आमच्या गल्लीत आमचं घर 'भजनाचं घर' म्हणूनच ओळखलं जाई. त्याचा मला अभिमान होता. मिरजेची मुलगी, गाण्यातलं थोडंफार कळतं अशी माझी समजूत.

माझे यजमान ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत. सकाळी बसनं जायचे, अंधार पडता पडता यायचे. त्यामुळे दिवेलागणीला घरात आम्ही चौघंच: मामंजी, अक्का, मी आणि मुक्ता.

आणि एक नियम होता. तिन्हीसांजेला लेकरू निजू द्यायचं नाही. माझ्या आईकडेही तोच होता, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुक्ता दुपारी उशिरा झोपायची. दिव्याची वेळ झाली की अक्का हाक मारायच्या, "घेऊन ये वेगी, दिवा लाविला!" मी तिला गाढ झोपेतून उचलून, तोंड पुसून, तशीच त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवायची.

हा नियम लक्षात ठेवा. आमचा सगळा गोंधळ त्याच्यातून झाला.

कौतुक

पहिल्यांदा झालं तेव्हा मामंजींचा अभंग नुकताच सुरू झाला होता. मुक्ताची मान खाली गेली, दोन्ही हात पुढे येऊन छातीशी जवळ आले, आणि सुटले. क्षणभरानं पुन्हा. मग पुन्हा. अक्का ओरडल्या, "ऐय्यो, बघा हो! लेंकरूं नमस्कार करितें!" मामंजींचे टाळ थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांच्या आठवणीनं म्हणाले, "माझे अप्पाच आले गे पोटीं."

दुसऱ्या दिवशी मी जरा मनात देव आठवूनच तिला उठवून नेलं. पुन्हा केलं तिनं! तिसऱ्या दिवशीही. दिव्यासमोर बसवलं की चुकायचं नाही. एकामागून एक नमस्कार, आणि शेवटी ती थोडं रडायची. अक्का म्हणायच्या, भाव दाटला.

भाव दाटला! आणि मी ते ऐकून हसले होते. पदरानं तिची दृष्ट काढली होती.

गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? समोरच्या मामी आल्या, त्यांच्या सुना आल्या, देवळातल्या बायका आल्या. कुणी फुलं आणायचं, कुणी आपलं मूल आणून तिच्या पायाशी टेकवायचं. मी कॉफी करून दमायची आणि दमण्याचंही कौतुक करून घ्यायची. "मिरजेच्या सुनेच्या पोटी काय रत्न आलंय," असं मामी म्हणाल्या की मी मान खाली घालून गोड हसायची. आजही ते माझं हसू आठवलं की तोंडावर पाणी मारावंसं वाटतं.

त्याच दिवसांत यजमानांचा चुलतभाऊ सिंगापूरहून आला. त्याच्याकडे व्हिडिओ कॅमेरा होता. तेव्हा ती चीज आमच्या गल्लीत कुणी पाहिलेली नव्हती. त्यानं दिवा, फुलं, मामंजी, सगळं नीट मांडलं. मुक्ता नेमकी त्या दिवशी झोपलीच नव्हती, आणि दिव्यासमोर नुसती बसून राहिली. सगळ्यांचा विरस झाला. मग मी तिला आत नेऊन पाठीवर थोपटून झोपवलं आणि थोड्या वेळानं उठवून आणलं. कॅमेऱ्यासाठी मी तिला झोपवलं आणि कॅमेऱ्यासाठी उठवलं. इथे वहिनीला मन्नी म्हणतात; नमस्कार सुरू झाले तसा तो ओरडला, "सुपर, मन्नी, सुपर!" आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

हसू कुठे गेलं

त्याआधी मुक्ता चारचौघांच्या बाळांसारखीच होती. कुशीवर वळली, आधारानं बसायला लागली, चमचा दिसला की झेप घ्यायची. मामंजींनी टाळ उचलले की आवाज यायच्या आधीच मान वळवायची. वडिलांना पाहून तर असं खिदळायची की शेजारी विचारत, काय झालं म्हणून.

मग एकेक गोष्ट जायला लागली. कधी गेली ते सांगता येत नाही. घरातलं मांजर येईनासं झाल्यावर काही दिवसांनी आठवतं ना, अरे, मांजर दिसलं नाही, तसं झालं. चमचा समोर धरला तर बघेना. बसवलं तर बाजूला कलंडायला लागली. आणि हसू गेलं. मी तिच्यापुढे नाचले, खोटी खोटी शिंकले, भांडी वाजवली. ती माझ्याकडे तोंड करून होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

मी अक्कांना म्हटलं, "अक्का, ही माझ्याकडे बघत नाही हो."

त्या हसून म्हणाल्या, "देवाकडे बघणारें लेंकरूं तें, तुजकडे कशास बघेल?"

थट्टा होती ती. पण खरं सांगते, मला ती पटली. पटवून घेणं सोपं होतं.

त्या दिवशी

गोवराची लस टोचायला मी तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बसते का?"

"बसायची," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. "बसायची म्हणजे? आता नाही बसत?"

मग त्यांनी खूप काही विचारलं. खेळणं धरते का, हाकेला बघते का, हसते का. मी कधी हो, कधी नाही, कधी 'तशी करते हो' असं म्हणत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, अंगाला झटके वगैरे येतात का? मी जवळजवळ रागावलेच. "छे, छे! झटके कसले? उलट आमची मुक्ता नमस्कार करते. सगळं गाव बघायला येतं!"

त्यांनी लस बाजूला ठेवली. दुसऱ्याच दिवशी आम्ही नवरा-बायको तिला घेऊन त्रिचीला गेलो.

तिथल्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर वयस्कर होते. ते म्हणाले, कसं करते ते दाखवा. आता डॉक्टरांच्या खोलीत ती कुठली करायला! यजमानांनी हातवारे करून दाखवलं, मी करून दाखवलं. दोघंही त्यांच्यापुढे मान लववतोय, हात जोडतोय. मग यजमानांना आठवलं. म्हणाले, "आमच्याकडे कॅसेट आहे."

ते तसेच बस धरून तंजावरला गेले आणि कॅसेट घेऊन आले. डॉक्टरांनी आम्हाला एका वर्गात नेलं. तिथे टीव्ही होता, बाकांवर शिकाऊ डॉक्टर बसले होते. कॅसेट लागली.

दिवा दिसला. मामंजी दिसले. मग अक्कांच्या मांडीवर मुक्ता. मान खाली, हात पुढे. पुन्हा. पुन्हा. डॉक्टर पुढे वाकून बघत होते आणि त्या शांत वर्गात आमच्या टाळ्या घुमत होत्या. "सुपर, मन्नी, सुपर!" माझा स्वतःचा आवाज आला: "अजून, अजून! आणखी एकदा, सोन्या!" बाकावरच्या एका मुलीनं तोंडावर हात ठेवला. आवाज बंद करायला डॉक्टर बटण शोधत होते, ते त्यांना सापडेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ना, ते मला त्या वर्गात कळलं.

डॉक्टर माझ्याशी तमिळमध्ये, फार हळू बोलले. "अम्मा, हा नमस्कार नाही. हा वलिप्पु आहे."

वलिप्पु म्हणजे फेफरं, फिट. तेवढं तमिळ मला येत होतं.

ते म्हणाले, लहान बाळांत हे असंच दिसतं, झोपेतून उठल्याउठल्या ओळीनं येतं. पुष्कळ आईबाप याला दचकणं समजतात, पोटदुखी समजतात. ते आम्हाला एक शब्दही लावून बोलले नाहीत. पण मी विचारलं तेव्हा खोटंही सांगितलं नाही. प्रत्येक झटक्याबरोबर तिचा मेंदू शिकलेलं विसरतो आहे, लवकर आला असता तर बरं झालं असतं, म्हणाले.

"मग गेलेलं परत येईल?" यजमानांनी विचारलं.

"झटके थांबवायचा प्रयत्न मी करतो. गेलेलं परत येईल का, ते ही सांगेल," आणि त्यांनी मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मिरजेला गेलीय

तिच्या डोक्याला तारा लावून तपासणी झाली आणि आम्ही वॉर्डात भरती झालो. रोज सकाळी मांडीत इंजेक्शन. आज डावी, उद्या उजवी. इवल्याशा दंडाला इवलासा पट्टा बांधून रक्तदाब बघायचे. मग वजन. मग दिवसभर ती रडायची, कारण त्या औषधानं भूक भडकते आणि चिडचिड होते.

वॉर्डातल्या बाकीच्या आया मुलं उठायची वाट बघायच्या. मी एकटीच अशी, की मूल झोपलं की वाटायचं, आता उठूच नये. उठली की सुरू. मान खाली, हात पुढे. ज्या हालचालीची मी दिवसभर वाट बघायची, तीच आता मला बघवत नव्हती. मी तिचे हात धरून ठेवायची. डॉक्टर म्हणायचे, धरून झटका थांबत नसतो, अम्मा. आपण धरलं आणि थांबलं तर तो झटका नव्हे, एवढंच त्यावरून कळतं. तरी मी धरायची.

घरी अक्कांनी ठरवून टाकलं होतं, कुणाला काही सांगायचं नाही. "मुलीची जात. वलिप्पु म्हणून एकवार नांव पडलें कीं जन्मभर जाणार नाहीं." गल्लीत सांगितलं, सून लेकराला घेऊन माहेरी मिरजेला गेलीय. माझी आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही हूं म्हटलं. ती मूठ उघडली तर तिच्यात माझ्याच टाळ्या निघणार होत्या.

शेजारच्या खाटेवर सेल्वी नावाची बाई होती, तिरुवैयारूकडची. तिच्या मुलाला न्यूमोनिया झाला होता. मोठी बोलकी. पहिल्याच दिवशी विचारलं, तुझ्या पाप्पाला, म्हणजे बाळाला, काय झालंय? मी म्हटलं, ताप. तिनं मला आपल्या डब्यातला दहीभात दिला आणि आपुलकीनं म्हणाली, "तू तंजावरची ना? मग काळजी कसली करतेस? तुमच्या गावात एक बाळ आहे म्हणे, देवाला नमस्कार करतं. माझ्या नणंदेनं डोळ्यांनी पाहिलंय. इथून सुटलात की तुझ्या लेकीला त्याच्या पायावर घाल. सगळं बरं होईल."

घास माझ्या तोंडातच राहिला. मी म्हटलं, "हो. ऐकलंय मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ता झोपेतून उठली आणि सेल्वीसमोरच सुरू झालं. सेल्वी आधी नुसती बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. मी वाट बघत होते, आता ही सगळ्या वॉर्डाला सांगणार. ती उठली, आणि भेटीच्या वेळेला आत येणारी माणसं आणि आमची खाट यांच्या मधोमध पाठ करून उभी राहिली. कुणीतरी विचारलं, काय झालं पाप्पाला? "ताप," सेल्वी म्हणाली. तिथे होती तोवर रोज ती तशी उभी राहिली. तिनं त्याबद्दल माझ्याजवळ एक अक्षर काढलं नाही.

घरात मात्र फुटलं. यजमान एकदा कपडे आणायला घरी गेले तेव्हा मामंजींवर ओरडले, "अप्पा, तुमच्या भजनापायीं झालें हें!" जन्मात त्यांनी वडिलांपुढे आवाज चढवला नव्हता. आणि खरं तर ते त्यांना म्हणायचंच नव्हतं. ते मला म्हणायचं होतं. दिवसभर घरात मूल कुणाजवळ होतं? पण मला बोलले असते तर त्यांनाही विचारलं गेलं असतं, रविवारी तुम्ही घरी नसायचात का? म्हणून ते म्हाताऱ्यावर निघालं.

मामंजी दुसऱ्या दिवशी एकटेच त्रिचीला आले. वॉर्डाच्या दाराशी उभे राहिले, आत येईनात. मी म्हटलं, "मामंजी, या ना." ते म्हणाले, "नको गे. माझें तोंड बघून तीस पुन्हां कांहीं व्हायचें." पिशवीतली वेलची केळी माझ्या हातात दिली आणि परतीच्या बसला गेले. तेव्हापासून टाळ माळ्यावर गेले.

आणि मग एका सकाळी मुक्ता उठली, जांभई दिली, आणि काहीच झालं नाही. मी श्वास धरून बसले. काही नाही. यजमानांना हलवून उठवलं. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काहीच झालं नाही!" आम्ही दोघं वेड्यासारखे रडलो.

गुटगुटीत

घरी आणलं तेव्हा ती फुग्यासारखी सुजलेली होती. गाल इतके फुगलेले की डोळे बारीक झाले होते. औषधाचा परिणाम, उतरेल म्हणाले होते. अक्कांनी तिला आतल्या खोलीत ठेवलं. पण गल्लीत काय लपतं? समोरच्या मामी आल्याच. मुक्ताला बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अडियम्मा! काय गुटगुटीत झालीये! मिरजेचं पाणी मानवलं हो तुमच्या लेकीला. नमस्कार करते ना अजून?"

पुन्हा तेच! पुन्हा आजाराचंच कौतुक. अक्का माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या, गप्प राहा म्हणून. आणि मला वाटतं, माझ्यातली मिरजेची बाई तेव्हा जागी झाली.

"मामी, ती सूज आहे," मी म्हटलं. "आम्ही मिरजेला नव्हतो, त्रिचीला इस्पितळात होतो. ती नमस्कार करत नव्हती. तिला फिट येत होत्या आणि आपण सगळे टाळ्या वाजवत होतो."

मामींनी हात गालांवरून काढले. चपला घालून निघून गेल्या. अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. गल्लीतल्या बायका यायच्या बंद झाल्या. बरेच दिवस पोरीला घेऊन मी दारात उभी राहिले की समोरची खिडकी लागायची. सांगितलं म्हणून हलकं वाटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही वाटलं नाही. आधी आतल्या आत लाजत होते, आता चारचौघांत लाजायला लागले, एवढाच फरक.

चटई

मग चटईचे दिवस सुरू झाले. तंजावरलाच एक व्यायाम शिकवणाऱ्या बाई मिळाल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. बसणं, रांगणं, वस्तू धरणं, सगळं पहिल्यापासून. इतर मुलांना जे आपोआप येतं ते माझ्या मुलीला एकेक करून शिकवावं लागतं, आणि शिकवताना कळतं, आपोआप येणारी गोष्ट केवढी मोठी असते. बसलेल्या मुलाचा तोल जातो तेव्हा ते हात टेकवतं ना? तेवढा एक हात टेकवायला मुक्तानं उन्हाळाभर घेतला.

मॅडमच्या चटईवर कुठल्याही मुलानं काही केलं की त्या मोठ्यानं म्हणायच्या, "कै तट्टु!" म्हणजे वाजवा टाळी. सगळ्या आया वाजवायच्या. मी तेवढ्या वेळात मुक्ताचं झबलं सारखं करायची.

एक दिवस त्या म्हणाल्या, "आता दोन्ही हात मधोमध एकत्र यायला हवेत. घरी टाळ्या शिकवा. नमस्कार शिकवा, तुमच्याकडे तर सोपं आहे."

मी हो म्हटलं. आणि नाही शिकवलं. चेंडू या हातातून त्या हातात द्यायला शिकवला, मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, मोडायला शिकवलं, डबा आणि झाकण शिकवलं. मॅडम विचारायच्या, नमस्कार चाललाय ना? मी बिनदिक्कत म्हणायची, चाललाय. आमच्या घरात तोवर कुणीच तिच्यासमोर हात जोडत नव्हतं. अक्का दिवा लावायच्या, आणि मुक्ता जवळ असली तर नमस्कार पदराखाली करायच्या. तिन्हीसांजेला ती झोपली तर तिला झोपू द्यायचो. अक्कांनी स्वतः तो नियम मोडला.

आज मुक्ता बालवाडीत जाते. तिच्याहून पुष्कळ लहान मुलांबरोबर बसते. धड चालते, पळताना पडते. बोलणं थोडकं, त्यात मराठी-तमिळची खिचडी. नातलग विचारतात, शाळेत कितवीत आहे? मी अजूनही विषय बदलते. लाज संपत नाही. पण ती आता मुक्ताची वाटत नाही, माझी मला वाटते. तुमच्या बाळाचं तुम्हाला काही वेगळं दिसलं, मग ते कितीही गोड असो, तर दाखवा बाई डॉक्टरांना. कौतुक करायला जन्म पडलाय.

एका संध्याकाळचं सांगते आणि थांबते. मुक्ता तेव्हा नुकती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. त्या दुपारी ती झोपलीच नव्हती. दिवा लागला तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. मामंजी खाटेवर. ते आताशा पुन्हा म्हणायचे, पण टाळांशिवाय, तोंडातल्या तोंडात. अक्कांनी दिवा ठेवला आणि जुन्या सवयीनं, बेसावधपणे, उघडेच हात जोडले.

मुक्तानं ते पाहिलं. तिनं उजवा हात पुढे आणला. डावा चाचपडत आला. बोटं बोटांवर बसेनात. मग तिनं मान खाली घातली.

मी कशी उठले ते मला माहीत नाही. मी तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली. 

हात थांबले. माझ्या मुठीत ते नुसते उबदार आणि रागावलेले होते. मुक्तानं हिसका दिला आणि मोठ्यानं म्हणाली, "ए!" आणि माझ्याकडे रागानं बघत पुन्हा हात जोडले. मान खाली घातली. वर केली.

मग तिनं आमच्याकडे पाहिलं. आधी अक्कांकडे, मग मामंजींकडे, मग माझ्याकडे. ती कशाची तरी वाट बघत होती. कुणी हललं नाही. त्या घरात टाळी वाजवायची हिंमत आता कुणाला होती?

"तट्टु," मुक्ता म्हणाली. आणि आम्हाला कळलं नाही असं वाटून पुन्हा, जोरात, "तट्टु!"

मामंजी खाटेवर पुढे सरकले. त्यांनी एक टाळी वाजवली. मग अक्कांनी वाजवली. मुक्ता माझ्याकडे वळून थांबली.

मी आधी तिचे डोळे पाहिले. ते माझ्याकडेच बघत होते. मग मी टाळी वाजवली.